ब्रेक मारला की गाडी थरथरते? उत्तर शोधताना भेटलेला फ्रेडरिक लँचेस्टर

पाचगणीहून वाईला येताना पसरणी घाट उतरत होतो. मागच्या सीटवर आई-बाबा. एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. पाय काढला की थरथर बंद, पुन्हा दाबला की पुन्हा सुरू. पुढे हायवेला ८० च्या वेगात ब्रेक मारला तेव्हा तर बाबांनी मागून विचारलंच, रस्ता खराब आहे का रे? रस्ता चांगला होता. खराब होती ती माझी सेकंड हँड गाडी.

गॅरेजमध्ये लगेच निदान झालं : डिस्क वाकल्यात. डिस्क काढून लेथवर घासून आणल्या, बसवल्या, बिल दिलं. दोन-तीन महिने गाडी लोण्यासारखी थांबत होती. मग तीच थरथर परत आली.

कोडमध्ये एखादा बग फिक्स केल्यावर काही दिवसांनी तोच परत आला, तर आम्ही म्हणतो की आपण लक्षण झाकलं, कारण तसंच राहिलं. इथेही तेच झालं होतं. म्हणून मी डिस्क ब्रेक मुळापासून समजून घ्यायला बसलो आणि वाचता वाचता एका माणसापाशी येऊन थांबलो. डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ साली घेणारा आणि गाडीतल्या थरथरीशी आयुष्यभर झगडणारा हा इंग्रज इंजिनिअर म्हणजे फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर. आज त्याची गोष्ट सांगतो. गाडी कशी दुरुस्त झाली, तेही त्यातच येईल.

डिग्री नाही, पण करार वाचणारा

लँचेस्टरचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ चा, लंडनच्या लुईशॅम भागातला. वडील आर्किटेक्ट, आई गणित आणि लॅटिन शिकवणारी. आठ भावंडांतला हा चौथा. तो अगदी लहान असतानाच कुटुंब समुद्रकाठच्या होव्हला राहायला गेलं.

पुढे तो साउदॅम्प्टनला शिकला आणि मग स्कॉलरशिप मिळवून लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या विज्ञान कॉलेजात गेला. पण तिथून तो पदवी न घेताच बाहेर पडला. माझ्यासारख्या डिग्रीवाल्याला हे वाचताना जरा खाली बघायला होतं.

काही काळ त्याने पेटंटच्या कामासाठी ड्रॉइंग काढायची नोकरी केली. मग १८८९ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या सॉल्टली भागातल्या फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत तो असिस्टंट वर्क्स मॅनेजर म्हणून लागला. नोकरीच्या करारात एक कलम होतं : तू इथे जी सुधारणा शोधशील, ती कंपनीच्या मालकीची. लँचेस्टरने सही करण्याआधी ते कलम खोडून टाकलं. वय जेमतेम वीस-एकवीस!

हा शहाणपणा लगेच कामी आला. इंजिनचा वेग आपोआप ताब्यात ठेवणारा, लोलकावर चालणारा एक गव्हर्नर त्याने शोधला आणि पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं. त्या कंपनीच्या ज्या इंजिनाला हा गव्हर्नर बसेल, त्यामागे त्याला दहा शिलिंग रॉयल्टी मिळू लागली. आपल्यापैकी किती जण ऑफर लेटरचं शेवटचं पान वाचतात? मी तरी वाचलं नव्हतं.

तुमच्या फोनमधल्या सेन्सरचा पणजोबा

लोलकाचा हा नाद त्याने सोडला नाही. लोलक वापरून त्याने एक त्वरणमापक, म्हणजे ॲक्सेलरोमीटर बनवला. रस्त्यावरची किंवा रुळांवरची गाडी किती झपाट्याने वेग घेते आणि ब्रेक लावल्यावर किती झपाट्याने थांबते, हे हे यंत्र नोंदवायचं. तोवर ब्रेक चांगला की वाईट हे चालवणाऱ्याच्या अंदाजावर ठरायचं. लँचेस्टरला आकडा हवा होता.

हाच सेन्सर आज तुमच्या खिशात आहे. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, पावलं मोजली जातात, ती या ॲक्सेलरोमीटरमुळेच. फरक इतकाच की लोलकाच्या जागी सिलिकॉनच्या चिपवर कोरलेला, डोळ्यांना न दिसणारा एक चिमुकला भार असतो. गाडी हलली की तो किंचित सरकतो आणि चिप ते सरकणं मोजते.

मी हेच वापरलं. मोकळ्या रस्त्यावर मित्राला शेजारी बसवलं, फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवला आणि सेन्सरचा आलेख दाखवणारं एक फुकट ॲप त्याच्या हाती दिलं. (गाडी चालवणाऱ्याने हा उद्योग करू नये.) ८० च्या वेगात हळू ब्रेक लावला की सेकंदाला साधारण १२ हेलकावे दिसत होते. वेग ४० वर आला की सहा.

आता गणित बघा. ८० किमी वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. माझ्या चाकाचा घेर साधारण १.८ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला बारा फेरे मारतं. हेलकावेही बारा! थरथर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत होती आणि फक्त ब्रेक दाबल्यावर येत होती. म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेकशी संबंध असलेल्या कुठल्यातरी भागातच दोष होता. इंजिन सुटलं, रस्ता सुटला. ब्रेक न लावताही थरथर आली असती, तर आधी चाकाचं बॅलन्सिंग आणि टायर तपासले असते.

पहिली गाडी आणि उलटी फिरणारी चाकं

१८९५ मध्ये लँचेस्टरने आपली पहिली मोटारगाडी बांधायला घेतली आणि १८९६ मध्ये ती रस्त्यावर धावली. तेव्हाच्या बऱ्याच गाड्या म्हणजे घोडागाडीचा सांगाडा आणि त्याला लटकवलेलं इंजिन. लँचेस्टरने गाडीच पहिल्यापासून नव्याने मांडली.

तिच्यात एकच सिलिंडर होता. एका सिलिंडरचं इंजिन किती थडथडतं, हे जुनी बुलेट चालवलेल्याला सांगायला नको. लँचेस्टरने त्या एका पिस्टनला दोन कनेक्टिंग रॉड आणि दोन क्रँकशाफ्ट जोडले. प्रत्येकाला स्वतःचं फ्लायव्हील आणि दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. एकाचा उजवीकडचा हिसका दुसऱ्याच्या डावीकडच्या हिसक्याने मारला जायचा. सीटखाली गादी घालून थरथर लपवण्यापेक्षा ती जन्मते तिथेच तिला मारायचं, ही त्याची पद्धत होती.

१८९९ च्या अखेरीस लँचेस्टर इंजिन कंपनी उभी राहिली. भाऊ जॉर्ज इंजिनिअरिंगमध्ये, दुसरा भाऊ फ्रँक विक्रीत. कारखान्यात फ्रेडरिकचा हट्ट असा की प्रत्येक सुटा भाग ठरलेल्या मापाचाच हवा, गेज लावून तपासलेला. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला न घासता बसला पाहिजे. फिटरने कानशीने घासून जुळवून घ्यायच्या त्या काळात हा हट्ट महागडा होता.

गिऱ्हाइकांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे : मुंबईत जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंग. त्याने लँचेस्टर गाडी घेतली आणि तिच्या बिघाडांचा अनुभवही भरपूर घेतला. म्हणजे हुशार माणसाची गाडीसुद्धा बंद पडायची.

तांब्याने हरवलेला ब्रेक

१९०२ मध्ये लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना आजही तीच आहे. चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारे दोन पॅड. सायकलच्या रिमला ब्रेकची रबरं पकडतात ना, तसंच. तबकडी उघड्या हवेत फिरते, त्यामुळे लवकर गार होते.

कल्पना बरोबर, पण पॅड बनवायचे कशाचे? त्या काळात हाताशी असलेल्या धातूंतून त्याने तांबं निवडलं. तांबं तबकडीवर घासलं की कर्कश किंचाळायचं. शिवाय तेव्हाचे रस्ते म्हणजे धुळीच्या वाटा. ती धूळ मध्ये शिरली की तांबं भराभर झिजायचं. ब्रेकचं गणित जुळलं होतं, मटेरियल जन्मलं नव्हतं. इंग्लंडमध्येच हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस ब्रेकच्या अस्तरांवर काम करत होता. पुढे त्याने ॲस्बेस्टॉसची अस्तरं आणली, ती टिकाऊ आणि शांत होती. (ॲस्बेस्टॉस फुप्फुसांना घातक, हे खूप उशिरा कळलं.) पण तोवर गाड्यांनी बंद डब्याचा ड्रम ब्रेक स्वीकारला होता. डिस्क ब्रेक बाजूला पडला तो अनेक दशकं.

१९०४ मध्ये कंपनी पैशाअभावी अडचणीत आली आणि कारभार धनकोंच्या बाजूने नेमलेल्या माणसाकडे गेला. गाड्यांना मागणी होती, खेळतं भांडवल नव्हतं. कंपनी नव्या रचनेत पुन्हा उभी राहिली, पण फ्रेडरिक हळूहळू तिच्यातून बाहेर पडत गेला. १९०९ पासून तो डेमलर कंपनीचा सल्लागार झाला.

इंजिनातली थरथर, पक्ष्यांचे पंख आणि गेममधलं गणित

तेव्हा सहा सिलिंडरची लांब इंजिनं येऊ लागली होती. त्यांचा क्रँकशाफ्ट ठरावीक वेगाला ओल्या कपड्यासारखा पिळवटायचा आणि कधीकधी तुटायचा. १९१० च्या सुमारास लँचेस्टरने त्याच्या टोकाला एक डँपर बसवला, जो ही पिळवट शोषून घ्यायचा. चार सिलिंडरच्या इंजिनाची वेगळीच तक्रार असते. क्रँकच्या दुप्पट वेगाने एक बारीक थरथर येत राहते. त्यासाठी त्याने दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट फिरणारे दोन भार सुचवले. ही कल्पनाही थांबून राहिली. १९७० च्या दशकात मित्सुबिशीने सुधारित रूपात बॅलन्स शाफ्ट आणले आणि मग पोर्शसारख्या कंपनीनेही ते परवाना घेऊन वापरले.

गाड्यांच्या आधीपासून त्याला आणखी एक वेड होतं, उडण्याचं. बोटीने अटलांटिक ओलांडताना तो समुद्रपक्ष्यांचे पंख बघत बसायचा. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका विज्ञान मंडळात त्याने पंखावर उचल कशी निर्माण होते आणि पंखाच्या टोकाशी हवेचे भोवरे कसे सुटतात, हे मांडलं. राइट बंधूंचं विमान उडायला अजून नऊ वर्षं होती. लेख छापायला पाठवला तर तो नाकारला गेला. त्याने १९०७ आणि १९०८ मध्ये दोन मोठे ग्रंथ लिहून सगळं सविस्तर मांडलं. पुढे जर्मनीत लुडविग प्रांट्लने हे गणित नेटकं बांधलं. आज त्या सिद्धांताला अनेकदा दोघांचं मिळून नाव दिलं जातं.

पहिल्या महायुद्धात त्याने लढाईचंही गणित केलं. दूरवर नेम धरून मारणारी शस्त्रं असतील तर सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारख्याच दर्जाचे १० विरुद्ध ६ लढले तर शेवटी ४ नाही, ८ उरतात, कारण १०० वजा ३६ म्हणजे ६४ आणि त्याचं वर्गमूळ ८. स्ट्रॅटेजी गेममध्ये सगळी फौज एकत्र पाठवली की का जिंकतो, याचं उत्तर हेच. १९१६ च्या त्याच्या पुस्तकात हा नियम आहे.

शेवटची वर्षं

मान त्याला मिळाला. १९२२ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १९३१ मध्ये विमानविद्येसाठीचं गुगनहाइम पदक मिळालं. पैसा मात्र हाती लागला नाही. १९२० च्या दशकात त्याने स्वतःची प्रयोगशाळा काढून लाउडस्पीकर बनवले. चांगले होते म्हणतात, पण धंदा झाला नाही. १९३१ मध्ये लँचेस्टर मोटर कंपनीही डेमलरच्या गटात गेली. त्याच्या नावाच्या गाड्या निघत राहिल्या, त्यांत त्याचा हात उरला नाही.

पुढे त्याला पार्किन्सन्स जडला. ज्याने आयुष्यभर यंत्रांची थरथर शांत केली, त्याचेच हात थरथरू लागले. नजरही गेली. पैशाची ओढाताण इतकी की बर्मिंगहॅमच्या मोसली भागातलं राहतं घर टिकवायला बाहेरची मदत घ्यावी लागली. ८ मार्च १९४६ ला त्याच घरात तो गेला.

सात वर्षांनी, १९५३ च्या ल मां शर्यतीत जॅग्वार सी-टाइप गाड्या डिस्क ब्रेक लावून उतरल्या. इतर गाड्या वळणाच्या कितीतरी आधी वेग कमी करायच्या, या उशिरापर्यंत सुसाट जाऊन थांबायच्या. जॅग्वार जिंकली. १९५५ मध्ये सित्रोएन डीएसने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक देऊन ते नेहमीच्या वापरातल्या गाडीत आणले. आज तुमच्या बाइकच्या पुढच्या चाकातही तेच चकाकतं.

आणि माझी गाडी

लँचेस्टरची पद्धत मी माझ्या गाडीला लावली : आधी मोजायचं, मग थरथर जन्मते कुठे ते शोधायचं. यावेळी दुसऱ्या गॅरेजमधल्या काकांना गाठलं. त्यांच्याकडे डायल गेज होता. त्यांनी डिस्क काढण्याआधी गेज लावला आणि चाक हाताने फिरवलं. काटा डोलला, ०.१ मिलिमीटरच्या आसपास. साधारणपणे मर्यादा ०.०५ च्या आगेमागे असते. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.

डिस्क काढली तर मागे हबवर गंजाचा पापुद्रा. सगळी भानगड तिथे होती. गंजामुळे डिस्क किंचित तिरकी बसत होती. ब्रेक न लावताही प्रत्येक फेऱ्यात तिची एक बाजू पॅडला घासायची आणि तेवढाच भाग झिजायचा. हजारो किलोमीटरनंतर डिस्कची जाडी एका जागी कमी, दुसरीकडे जास्त. मग ब्रेक दाबला की पॅड त्या उंचसखल भागावरून फेऱ्याला एकदा उसळी घेतो आणि ती उसळी स्टेअरिंगपर्यंत येते. पहिल्या वेळी डिस्क घासली, पण हब साफ केला नाही. म्हणून रोग परतला. डिस्क तापून केळीच्या पानासारखी वाकली, असं बहुतेक वेळा झालेलंच नसतं.

काकांनी हब तारेच्या ब्रशने चकचकीत केला. माझ्या डिस्कची जाडी तिच्यावर छापलेल्या किमान मापाच्या खाली गेली होती, म्हणून नवी जोडी आणि नवे पॅड बसवले. पुन्हा गेज लावून काटा स्थिर आहे हे दाखवलं. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना ग्रीस लावलं. चाकाचे नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराने आवळले. एकाच बाजूने जोर लावून आवळले तरी डिस्क तिरकी बसू शकते.

तुमच्याही गाडीत असं होत असेल तर एवढं लक्षात ठेवा :

- फक्त ब्रेक लावल्यावर थरथर येते का? मग डिस्क, ड्रम, पॅड, हब. एरवीही येते? मग आधी टायर आणि बॅलन्सिंग.
- स्टेअरिंग थरथरतं तर बहुधा पुढची चाकं. सीट किंवा पेडल थरथरतं तर मागचीही तपासा.
- ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडलं तर तो एबीएस असू शकतो. तो त्याचं काम करतोय, पाय काढू नका.
- घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून फार वेळ उभे राहिलात तर पॅडचं मटेरियल एका जागी चिकटतं आणि तिथूनही थरथर सुरू होते.
- सस्पेन्शनचे बुश आणि व्हील बेअरिंग ढिले असतील तर छोटी थरथरही मोठी वाटते. तेही बघून घ्या.
- पेडल खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा धातू घासल्याचा आवाज येत असेल तर गाडी चालवूच नका.

मागच्या महिन्यात पुन्हा पसरणी घाट उतरलो. आई-बाबा मागेच होते. तेच वळण आलं, ब्रेक दाबला, स्टेअरिंग शांत. बाबा झोपले होते, त्यांना काही कळलंही नाही.